ताईच्या फटफटीचा लाल दिवा

नाकुरू, ८ फेब्रुवारी १९९३

ती. नासिमियूताईस,
खाएम्बाचा सा. न. वि. वि.

फटफटी काल कंपालाला जाणाऱ्या ट्रकवर चढवली. हे पत्र पोचेल तोवर ती वेबुयेच्या तिठ्यावर उतरलेली असेल. रंगाला हसू नकोस. वर्कशॉपात तेवढाच उरला होता. तुझ्या उजव्या पायाला काही काम ठेवलेलं नाही. पायाचा ब्रेक काढून टाकला. उजव्या हातातली एकच मूठ दाबलीस की पुढचा-मागचा दोन्ही ड्रम आवळतात.

एक राहिलंय. मागच्या दिव्याचा खटका पायाच्या ब्रेकला होता, तो त्याच्याबरोबरच गेला. म्हणजे ब्रेक लागतो, दिवा लागत नाही. ईस्टरला येऊन बसवतो. तोवर तुझ्या दवाखान्याच्या आवारात नि मुरमाच्या वाटेवर फिरव. डांबरी रस्त्यावर जाऊ नकोस. ट्रकवाले कसे येतात ते तुला ठाऊक आहे.

लोभ आहेच, तो डांबरापासून लांब राहून वाढवावा.

तुझा धाकटा,
खाएम्बा

वेबुये, १५ फेब्रुवारी

चि. खाएम्बास अ. उ. आ.

गाडी पोचली. रंग थेट पिकल्या भोपळ्याचा. आई म्हणते, पोलिओतून वाचवलेली पोर आता सख्खा भाऊ ट्रकखाली घालतोय. तुझं नाव काढलं की घरात भांडी आपटतात.

आणि मी डांबरी रस्त्यावर गेले. थांब, आधी ऐक. मिसिखू गावात एक बाई बाळंतपणात अडली होती. तिच्या बाळाला ईस्टरपर्यंत दम धर म्हणून कोण सांगणार? आजवर अशा वेळी मी कुणाच्या तरी सायकलवर मागे बसून जायचे आणि पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असायचं, बरं किंवा वाईट. या खेपेला मी आधी पोचले. मुलगी झाली.

येताना मागे उसाचा ट्रॅक्टर लागला. थांबतेय असं हातानं दाखवायला गेले, तर हात ब्रेकवर! हात उचलावा तर ब्रेक सुटतो. ट्रॅक्टर इतका जवळून गेला की उसाचं पाचट पाठीला घासलं. आईला बोललेले नाही.

खटका पाठवून दे. माणसं शिवते मी, दोन वायरी जोडता येणार नाहीत होय?

रागवायचं तेवढं रागाव, पण माया कमी करू नकोस.

तुझी ताई

नाकुरू, २० फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र खिशात घालून हिंडतोय. काल एका इंजिनात तेल न घालताच ते सुरू करणार होतो. मालक म्हणाला, काय रे, बायको पळाली का तुझी? मी म्हटलं, बायको कुठली, बहीण पळतेय.

खटका आणि पट्टी कंपालाच्या ट्रकवरच्या ओमोंडी ड्रायव्हरजवळ देतोय. मागच्या ड्रमवरचा दांडा मूठ दाबल्यावर सरकतो ना, त्याच्या पाठीमागे, ड्रमच्या झाकणावरच पट्टी आवळ. सांगाड्याला नको, खड्ड्यात चाक उसळलं की दिवा उगाच लागेल. पट्टीत खटका, खटक्याची स्प्रिंग दांड्याला. सीटखाली दोन वायरी गुंडाळून ठेवल्यात, त्या जोड; पण आधी बॅटरी सोड. ब्रेक धरायच्या किंचित आधी दिवा लागला पाहिजे. स्प्रिंग फार ताणलीस तर तो कायमचा पेटून राहील, आणि सदा पेटलेल्या दिव्यावर ट्रकवाला विश्वास ठेवत नाही.

तोवर गाडीला हात लावू नकोस. लावणारच आहेस, तरी लिहितो.

खाएम्बा

वेबुये, १ मार्च

चि. खाएम्बास अ. उ. आ.

बसवला! सीटवरून आपला दिवा आपल्याला दिसत नाही, म्हणून आईला मक्याच्या टोपलीसकट मागे स्टुलावर बसवलं. हे बघायची मला हौस नाही म्हणाली, पण बसली. मूठ दाबली, म्हणे काही नाही. जोरात दाबली; म्हणे आत्ता लागला, पण फार उशिरा. मी म्हटलं, तुला काय कळतंय त्यातलं? तर म्हणे, चूल पेटली का नाही ते कळतं, तेवढं हेही कळतं. तिचंच खरं निघालं. नट दोन आटे फिरवला नि जमलं. मग मका संपेपर्यंत लागला, विझला, लागला, विझला चाललं होतं.

उद्या लशी घेऊन मिसिखूला. आता तरी झोप.

ताई

नाकुरू, १७ मार्च

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र नाही. दवाखान्याचा फोन लागत नाही. ओमोंडी सांगतो, न्झोईया नदीच्या उतारावर भोपळी रंगाची फटफटी आडवी पडलेली पाहिली. पोलिसांनी त्याला थांबू दिलं नाही. मालक शनिवारी सोडतो म्हणालाय. येऊन गाडी घेऊन जाणार आणि तुकडे करून विकणार. एक ओळ लिही. तेही जमत नसेल तर रिकाम्या पाकिटावर नुसता माझा पत्ता घाल.

खाएम्बा

वेबुये, १८ मार्च

चि. खाएम्बास आईचे अनेक आशीर्वाद.

अक्षर माझं आहे म्हणून घाबरू नकोस. ताई समोर बसून सांगतेय. तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. तुझं पत्र ओमोंडीनं आज आणून दिलं, हेही त्याच्याच हाती देते, म्हणजे लवकर मिळेल.

ती सांगते ते असं. परवा उतारावर कोळशाची पोती लादलेली एक सायकल तिच्यापुढे कोलमडली. तिनं मूठ दाबली. मागे साखरेचा ट्रक होता. तो थेट मक्यात घुसला आणि ही घसरून चारीत पडली. ट्रकवाल्यानंच तिला उचललं. म्हणाला, मी खाली वाकून काडेपेटी शोधत होतो, डोळे वर केले तर समोर लाल. एरवी मी तुझ्यावरूनच गेलो असतो, पोरी. सायकलवाल्याला खरचटलंय, बाकी सगळे जिवंत आहेत.

इथपर्यंत तिचं. ती आत्ता आत गेलीय, आता माझं ऐक. गाडी न्यायला येऊ नकोस, दुरुस्त करायला ये. रोज ती निघाली की मी फाटकाशी उभी राहते. वळणावर ती ब्रेक लावते आणि तो दिवा लागतो. तेवढा दिसला की मला घरात जाता येतं. पडल्यापासून त्याची काच फुटलीय. आधी तो कर, हँडल मागाहून.

जेवत जा. यायच्या दिवशी कोंबडी कापते.

तुझी आई