नाकुरूच्या मॅनेजरचा रिपोर्ट

छत्रपती संभाजीनगर
२ जून २०२५, सोमवार

चि. अजिनाथ यास अनेक आशीर्वाद.

आज सकाळी सातच्या बसनं शेंद्र्याला फॅक्टरीत गेलो. साडेसहाला परत आलो, कुलूप काढलं, चहा केला. बाकी ठीक.

फोनवर आपल्या दोघांचं बोलणं तब्येतीपुढं जात नाही, म्हणून ऑफिसच्या कुरिअरमध्ये हे पत्र ठेवतो. शालूला जाऊन उद्या तीन महिने होतील.

आता कामाचं. केनियात आपल्या कडबाकुट्टी यंत्रांचा धंदा तू वर्षभर कसा चालवलास, याचा रिपोर्ट संचालकांनी माझ्याकडं मागितला आहे. तो माझा मेहुणा आहे, दुसऱ्या कुणाला सांगा, असं मी म्हणालो. यंत्रं तुम्ही बनवता, तुम्हालाच कळणार, असं त्यांचं उत्तर. तुला तिथं ठेवायचं की परत बोलवायचं, ते यावर ठरेल. कागदावर चाळीसच्या जागी नऊ यंत्रं विकलेली दिसतात आणि बारा यंत्रं पावतीशिवाय लोकांच्या घरी आहेत. हे काय केलंस? मेहुणा म्हणून नको, मॅनेजर म्हणून लिही.

वेळेवर जेवत जा. माया असू दे.
तुझा,
बिभीषण

नाकुरू
१६ जून २०२५

ती. दाजींना साष्टांग नमस्कार.

आधी मॅनेजर म्हणून लिहितो. इथं दुकानात यंत्र मांडलं की लोक हात लावून निघून जायचे. मग मी आपल्या बापाची रीत धरली. म्हातारा शेळी विकायचा तवा आठ दिवस घेणाऱ्याच्या दारात बांधून यायचा. तिनं चारा खाल्ला, दूध दिलं, तरच सौदा. तशी बारा यंत्रं बारा गोठ्यांत महिनाभर ठेवली. सौदाच नाय तर पावती कशाची फाडू? गेल्या आठवड्यात अकरा जणांनी ठेवून घेतली. एका बाईनं परत केलं, आवाजानं तिची गाय बिचकते म्हणाली. शेजारपाजारच्यांनी आणखी सव्वीस मागितलीत.

आता मेहुणा म्हणून. यातलं काही रिपोर्टात घालू नका. नऊचा आकडा तेवढा लिहा आणि अजिनाथला जमलं नाय म्हणा. मला परत यायचंय. ताईच्या वेळंला मी पोचलो ते राख सावडायला. तुमच्या शेजारच्या कडूआत्या फोनवर सांगत होत्या, तुम्ही दोन वेळचं एकदाच रांधता. मी वरच्या खोलीत राहीन. भाकरी मला तुमच्यापेक्षा बरी येते. तुमच्या भाकरीला ताई नकाशा म्हणायची, ते मला ठाऊक आहे.

एवढं एक खोटं लिहा, दाजी. तुमचा लोभ आहेच.
आपला,
अजिनाथ

छत्रपती संभाजीनगर
२८ जून २०२५, शनिवार

चि. अजिनाथ यास आशीर्वाद.

रिपोर्ट आज दिला. नऊचा आकडा लिहिला. त्याखाली बारा गोठे, अकरा होकार आणि सव्वीस मागण्याही लिहिल्या. ठेवायला दिलेल्या यंत्रांची साधी पोचही घेतली नाहीस, त्याचे गुण कापले. तुझ्या वडिलांना घेणाऱ्याचं घर ठाऊक असायचं, कंपनीला नसतं. शेवटच्या रकान्यात लिहिलं की यांना आणखी दोन वर्षं तिथंच ठेवावं.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. खरं सांगतो, त्या रकान्यात पेन्सिलीनं एकदा ‘परत बोलवावं’ असं लिहिलं होतं. रविवारी वरची खोलीही झाडून घेतली. सोमवारी खोडलं. तू आला असतास तर मला बरं वाटलं असतं. पण ते माझं झालं. रिपोर्ट तुझ्या कामाचा होता, आणि काम तू चांगलं केलं आहेस.

एक सांगायचं राहिलं होतं. तुला उशिरा कळवलं ते माझ्या मनानं नाही. शेवटच्या आठवड्यात शालू म्हणाली, “अज्याला बोलवू नका. एकदा आला की तो परत जायचा नाही.” मी तिचं ऐकलं. राग धरायचा असेल तर माझ्यावर धर.

दिवाळीला रजा मिळते, तेव्हा ये. तोवर पत्र लिहीत जा, एवढाच लोभ.
तुझा,
बिभीषण

ता. क. गच्चीवर माझे दोन शर्ट आणि टॉवेल वाळत आहेत. आभाळ आलं आहे, काढून आणतो.