सत्यभामाला निर्धास्त बसता यावे म्हणून

प्रति,
मा. गटविकास अधिकारी साहेब,
पंचायत समिती कार्यालय.

अर्जदार: आश्रुबा धुळाजी सोनसळे, माजी कोतवाल, रा. उंबरदरा, जि. बीड.

विषय: नात कु. सत्यभामा, वय चार वर्षे, हिला शौचास बसण्यासाठी भीतीमुक्त जागा मिळणेबाबत.

संदर्भ: दूध सोसायटीचे चेअरमन अर्जुनराव यांच्याशी झालेले तोंडी बोलणे.

महोदय,

अर्ज सादर करण्यास कारण की, माझा मुलगा व सून ऊसतोडीला गेले असून नात आम्हा म्हाताऱ्यांजवळ आहे. तिचे पोट साफ होत नाही. पाटोद्याच्या डॉक्टरीणबाईंना दाखवले. त्या म्हणाल्या, पोरगी भीतीने धरून ठेवते. पाणी भरपूर पाजा, पपई व भिजवलेले मनुके द्या, जेवणानंतर पायाखाली विटा देऊन निवांत बसवा, रागावू नका, साबणाची वडी वगैरे प्रयोग करू नका. माझी पत्नी मंजुळाबाई हिने वडी कापून तयारच ठेवली होती. ती लुगड्याला लावून संपवली. टँकरच्या पाण्यातला स्वतःचा वाटा ती नातीला पाजते. पपई आणली, विटा मांडल्या. फक्त निवांतपणा आम्हाला मिळवता आला नाही.

भीतीचे कारण असे की, नात आजीबरोबर ओढ्याकडे बसली असता गावचे गुड मॉर्निंग पथक आले. शिट्टी वाजली. पथकाच्या रिवाजाप्रमाणे उघड्यावर बसणाऱ्याच्या गळ्यात हार घालतात, तो त्यांनी या लेकराच्या गळ्यात घातला व टाळ्या वाजवल्या. हार कशासाठी हे तिला कळले नाही. टाळ्या मात्र कळल्या. मला त्या दिवसापासून त्या मंडळींचे तोंड पाहवत नाही, हे स्पष्ट लिहितो.

आपण विचाराल, घरी संडास नाही काय? आहे. परंतु दुष्काळात टाकायला पाणी नाही, खोली रिकामीच आहे, असे म्हणून अर्जुनरावांनी त्यात सोसायटीची पेंडीची पोती रचली व आपले कुलूप घातले. माझ्या गाईचा चारा त्यांच्याच हातून येतो, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. पथकाचे प्रमुखही तेच आहेत. संडासाची किल्ली आणि शिट्टी त्यांच्या गळ्यात एकाच दोरीला आहे.

मी हात जोडून गेलो असता त्यांनी उत्तर दिले, “तुमच्याकडं संडास हाय म्हणून तर शिट्टी वाजवावी लागती, आश्रुबा. नसता तर सूट दिली असती.” किल्ली मागितली तर पेंड कुठे ठेवू म्हणाले. यावरचे उत्तर, साहेब, आपल्याला येत असल्यास कळवावे.

मग घरातच घमेल्यात राख घालून बसवले. ती दाराकडे कान लावून बसते व कोरडीच उठते. शिट्टीवाला घरात येतो का, असे विचारते. मी सांगितले की त्याच्या वर साहेब असतात.

तरी विनंती की, पोती हलवावीत. ते न जमल्यास शिट्टी सरकारजमा करावी. तेही नियमात बसत नसल्यास, ‘सत्यभामा हिला बसण्यास परवानगी आहे’ एवढे एका कागदावर लिहून गोल शिक्का मारून द्यावा. तिला वाचता येत नाही, याची काळजी करू नये. मी आयुष्यभर अशाच लोकांना नोटिसा बजावल्या. शिक्का पाहून सगळे घाबरत. एखादा शिक्का भीती घालवायलाही चालतो का, ते पाहू.

विलंब लागू नये, कारण काल तिने ताट सरकवले. म्हणाली, “खाल्लं न्हाई तर येत न्हाई, आबा. मग शिट्टी बी वाजत न्हाई.” आज सकाळपासून पाण्यालाही तोंड लावत नाही. सगळ्या गावात पाणी पुरत नाही आणि आमच्या घरात तिच्या वाटणीचा तांब्या भरलेलाच आहे.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र,
आश्रुबा धुळाजी सोनसळे
दि. ११ मार्च २०१६

सोबत: डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी.