ब्रेक ऑइलमधलं पाणी

४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आई सुखरूप आहे, हे आधी सांगते. मग पुढचं वाच. काल तिचे डोळे तपासून डोंगर उतरत होतो. अर्ध्या उतारावर ब्रेक दाबला तर पाय थेट तळाला गेला. पुढ्यात भाजीचा टेम्पो. गिअर उतरवत, हँडब्रेक ओढत गाडी कशीबशी कडेच्या मातीत घातली. आईच्या डोळ्यांत औषध होतं, तिला काही दिसलं नाही. एवढ्या घाईने कुठे वळलीस, इतकंच तिने विचारलं.

थोड्या वेळाने ब्रेक आपोआप लागायला लागला. आता कोणाला सांगावं तर मलाच वेड्यात काढतील. तुझ्या शाळासोबत्याच्या गॅरेजमध्ये परवाच सर्व्हिसिंग झालं; ब्रेक ऑइल बदललं असं तो म्हणाला होता. तुझ्या शब्दावर मी त्याच्याकडे डोळे झाकून जाते. काय करू?

तुझी,
छोटी

१५ मार्च

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

जहाज बंदराला लागलं आणि पत्र मिळालं.  तू वेडी नाहीस. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. लांब उतारावर ब्रेक तापले की त्यातलं पाणी उकळतं, वाफ होते, आणि पायाचा जोर वाफेतच जिरतो. गार झालं की पुन्हा सगळं ठीक. गाडी अजिबात चालवू नकोस. तेलातली ओल समोर उभी राहून तपासून घे. मित्र माझा असला तरी गाडीत तुम्ही दोघी होतात. माझी भीड धरू नकोस.

तुझा,
दादा

२४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

गाडी ओढून गॅरेजला नेली. तुझ्या मित्राने ओल तपासायची कांडी तेलात बुडवली, तिच्यावरचा लाल दिवा लागला. तो हाताखालच्या माणसांवर ढकलेल असं वाटलं होतं. पण त्याने कुणाचंच नाव घेतलं नाही. म्हणाला, काम मीच घेतलं होतं. मुलीला दवाखान्यात हलवल्याचा निरोप आला, तसाच पळालो, आणि परतल्यावर तेल बदललंय असंच धरून चाललो. मी चांगलं खडसावायच्या तयारीने गेले होते, पण मुलगी कशी आहे, एवढंच तोंडून निघालं. आता घरी आहे, म्हणाला.

नवं तेल भरल्यावर, मला बसू देण्याआधी तो एकटाच तो उतार उतरून आला. किल्ली देताना म्हणाला, दुसरं गॅरेज धरलंस तरी मी राग मानणार नाही. मी धरलेलं नाही. पण यापुढे काम चालू असताना शेजारी स्टूल टाकून बसणार, असं त्याला बजावलं. स्टूल नको, म्हणाला, पाठ टेकायला खुर्ची ठेवतो.

आमच्यावरची माया अशीच राहू दे.

तुझी,
छोटी