नायिकेची भूक खरी वाटत नाही

६ नोव्हेंबर १९८३, वाशी

आले एकदाची! मिरजेहून रात्रभर एसटी, मग दादरहून बसनं खाडीपूल ओलांडून इथं. श्यामसुंदरराव स्वतः थांब्यावर घ्यायला आले होते. माझी ट्रंकही त्यांनीच उचलली. घर नवंकोरं, दुमजली. अजून चुन्याचा वास येतो. शेजारची घरं तयार आहेत, पण सगळ्यांना कुलपं. समोर खाजण, त्यापलीकडे खाडी. मला खालची खोली, टेबल, पंखा, आणि जेवण घरचंच.

शाळेत वह्या तपासून डोळे फोडण्यापेक्षा हे किती सुखाचं! नव्या कादंबऱ्यांची हस्तलिखितं वाचायची आणि बेधडक मत लिहायचं. श्यामसुंदरराव कादंबऱ्या छापून गावोगावच्या लायब्रऱ्यांना पुरवतात. वरच्या मजल्यावर त्यांच्या पत्नी, नंदिनीबाई असतात. मनाचं दुखणं आहे, माणूस सहन होत नाही. जिना चढायचा नाही, एवढीच त्यांची अट. बिचारे!

१५ नोव्हेंबर

एक रहस्यकथा, एक प्रेमकथा, एक ऐतिहासिक. तीन लेखक, तीन गावांचे; अक्षर मात्र एकच, सगळं एका लेखनिकाकडून उतरवून घेतात म्हणे. रहस्यकथा झकास, खुनी शेवटपर्यंत ओळखू आला नाही. ऐतिहासिकमध्ये सगळे भाषणं ठोकतात. तसं लिहिलं. श्यामसुंदरराव खूश. आणखी तिखट लिहा म्हणाले, लेखकाला लागलं पाहिजे.

मला जमतं ते. खरं तर आवडतं.

२८ नोव्हेंबर

कौटुंबिक कादंबरी. गिरणी बंद, नवरा परागंदा, नायिका उपाशी. मी लिहिलं : नायिकेची भूक खरी वाटत नाही. लेखकानं आयुष्यात एक जेवण तरी चुकवलंय का? श्यामसुंदररावांनी वाचून टेबलावर थाप मारली. इतके दिवस असाच वाचक शोधत होतो म्हणाले. लेखक तेवढी प्रकरणं पुन्हा लिहून देईल.

१३ डिसेंबर

नवी प्रकरणं आली. काय लिहिलंय! नायिका कागद चिकटवायची खळ बोटानं चाटून खाते आणि वाटी लपवते, कुणी काढून घेईल म्हणून. वाचताना अंगावर काटा आला. एका वाक्यानं मी लेखक घडवला! आज पुतळाबाईंना मुद्दाम शिरा करायला सांगितला. पुतळाबाई इथल्या गावातल्याच, स्वयंपाकाला येतात. त्या माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत, का कोण जाणे.

२२ डिसेंबर

भयकथा. सासू सुनेच्या हातावर निखारे ठेवते तो प्रसंग अगदीच गुळगुळीत. लिहिलं : भाजलेलं माणूस इतक्या सुंदर भाषेत ओरडत नाही.

४ जानेवारी १९८४

तो प्रसंग पुन्हा लिहून आला. पुरता वाचवेना. अक्षरही बदललंय, वेडंवाकडं, डाव्या हातानं काढल्यासारखं.

संध्याकाळी पुतळाबाईंनी विचारलं, भाजल्यावरचं मलम हाय का. कुणाला भाजलं विचारलं, तर जिन्याकडे बघत राहिल्या. मग एकदम माझा दंड धरला.

"बाय, जरा चांगला लिव ना. तू नावं ठेवतंस नि तिला वर भोगावं लागतं. जेवन बंद करतो तो. पन कोनाला सांगू नको, माझा नवरा त्याच्याच छापखान्यात हाय."

सगळ्या कादंबऱ्या तीच लिहिते. नंदिनीबाई. लेखकांची नावं तेवढी निरनिराळी.

९ जानेवारी

नवी प्रेमकथा आली. तोंड फाटेस्तोवर स्तुती लिहिली. श्यामसुंदररावांनी शांतपणे वाचलं, फाडलं, तुकडे माझ्यापुढे ठेवले. खोटं बोलणारा वाचक मला नको म्हणाले. मग वर गेले. दार लागलं. ओरडणं ऐकू आलं, मग नाही.

कादंबरी खरंच वाईट होती. हे आत्ता, या क्षणीसुद्धा मनात येतंय.

१४ जानेवारी

संक्रांत. श्यामसुंदरराव पावणे गावातल्या छापखान्यात गेलेत. पुतळाबाईंनी वरची किल्ली ओट्यावर ठेवली आणि बाजाराला निघून गेल्या. पर्स भरली, ही रोजनिशीही घेतली. नंदिनीबाईंना घेऊन बसचा थांबा गाठायचा, तिथून थेट पोलीस चौकी. जाते.

त्याच दिवशी

मी वर आहे. दार बंद.

नंदिनीबाई उभ्याच होत्या. हाडांचा सापळा, उजवा हात चिंध्यांत गुंडाळलेला. मी म्हटलं चला, लवकर. त्यांनी एवढंच विचारलं, "ते अभिप्राय तूच लिहायचीस?" मी हो म्हटलं, पाय धरले, माफी मागितली. त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. "बस जरा. दम लागलाय तुला." मी बसले. त्या बाहेर गेल्या आणि —

कडी. मग कुलूप.

मला वाटलं, घाबरून चुकून लावली.

१५ जानेवारी

त्या गेल्याच नाहीत. खाली आहेत. श्यामसुंदरराव परतले तेव्हा आधी भांडण, मग कपबशांचा आवाज. मग त्यांचं हसणं. दोघांचं.

खिडकीला गज. ओरडून ओरडून घसा बसला. समोर नुसती कुलपं.

१७ जानेवारी

पुतळाबाई दाराबाहेर रडत होत्या. बाई म्हनतात, कोनीतरी लिवाया पायजे. पानं दिलीस तर जेवन.

२१ जानेवारी

प्रेमकथा लिहिली. नापसंत.

खळीची वाटी सापडली. रिकामी —

२६ जानेवारी

रहस्यकथा. खिडकीतून खाडीच दिसते, म्हणून नायिकेला खाडीत बुडवलं. सुरुवात आवडली. भाकरी आली, सुकट आली. रडत खाल्लं. आवडली! त्यांना आवडली —

२९ जानेवारी

अभिप्राय आला. दाराखालून. नंदिनीबाईंचा डावा हात.

बुडतानाची तडफड पुस्तकी. लेखिकेच्या नाकातोंडात कधी पाणी गेलेलं दिसत नाही.

मोरीत पिंप भरतायत. केव्हापासून नळ चालू —

पुन्हा लिहिते म्हणून ओरडले. आत्ता लिहिते, हे बघा, लिहितेय —

बाहेरून नंदिनीबाई म्हणाल्या, "नंतर लिही. आधी कळू दे."

नळ बंद झाला. दोघंही दाराशी. कुलूप का