हिरवी वायर

भिंगार, ४ जानेवारी २०२५

चि. जोशुआ यास स्टेलाताईचे अ. आ. व सलाम.

फोनवर तुझं कौतुक ऐकून घेतलं. उत्तर मात्र पत्रानं देते, म्हणजे मध्येच हसता येणार नाही तुला. पप्पांच्या रेकॉर्ड प्लेअरसाठी तू प्रीअँपचं किट मागवलंस, सुईचा बारीक आवाज मोठा करणारी ती पेटी स्वतः जोडतोयस, आणि आई म्हणते, हात अगदी यांच्यासारखा. बरं झालं बाबा. पप्पांच्या रेडिओच्या दुकानात बारा वर्षं सोल्डरिंगचे डाग देऊन बोटं भाजली ती माझी. तू तेव्हा मैदानावर क्रिकेट खेळत होतास. तरी जाताना प्लेअर त्यांनी तुलाच दिला, मुलगा ना तू. माझा जळफळाट होतो, लपवत नाही.

आईला बीपीची गोळी वेळेवर देत जा. लोभ आहेच, सध्या जरा आटलाय.

तुझी,
स्टेलाताई

सोनई, २५ जानेवारी

ती. ताईस सा. न. व सलाम.

किट जोडून झालं, पण नुसतं घुंऽऽ वाजतं. पप्पा ज्यात गायलेत ती चर्चच्या गायनाची रेकॉर्ड लावली की पप्पांचा आवाज त्या घुमण्याखाली बुडून जातो. सगळे डाग तीनदा काढून पुन्हा दिले. आमची आराधना म्हणते, नवऱ्यानं घरात भुंगा पाळलाय.

येत्या ९ तारखेला पप्पांना जाऊन वर्ष होईल. त्या दिवशी आईला त्यांचा आवाज ऐकायचा होता. आता म्हणते, राहू दे, रेकॉर्डच खराब झाली असंल, मला बी त्यांचा आवाज आठवंना झालाय. माझं काय चुकतंय, सांगशील का? राग आला तरी सांग.

तुझा,
जोशुआ

भिंगार, २९ जानेवारी

चि. जोशुआ यास अ. आ.

तुझं काही चुकलेलं नाही. पप्पांच्या दुकानातून प्लेअर तुला बांधून देताना त्याच्या मागची अर्थिंगची हिरवी वायर मी कापून ठेवली. ती पेटीला जोडल्याशिवाय घुमणं थांबायचं नाही, हे मला ठाऊक होतं. वाटलं, तू अडशील, मला बोलावशील आणि आईसमोर पाच मिनिटांत मी ते नीट करीन. खरं सांगते, तुझं पत्र वाचताना आधी बरंच वाटलं. मग आईचं बोलणं वाचलं. लगेच उठून ती वायर शोधून काढली.

वायर सोबत आहे. एक टोक प्लेअरच्या पत्र्याला डाग देऊन लाव, दुसरं पेटीच्या स्क्रूखाली आवळ. आईला सगळं सांगितलंस तरी चालेल. लोभ ठेवावास, असं म्हणायला तोंड नाही.

स्टेला

सोनई, ३ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. व सलाम.

वायर परत पाठवतोय. शनिवारी मुक्कामाला ये, ती तूच लावायची आहेस. रविवारी आईला रेकॉर्ड ऐकवू. आईला मी अजून काही सांगितलेलं नाही, तुझंही आणि माझंही.

माझं असं, की फोनवर तुला अर्धंच सांगितलं. पहिला डाग माझा भलतीकडेच पडला. आई शेजारीच बसली होती. म्हणाली, तुला न्हाई जमायचं, स्टेलाला बोलाव, तिचा हात हाय अगदी यांच्यासारखा. लहानपणापासून हेच ऐकत आलोय मी. एकदा तरी ते माझ्याबद्दल असावं असं वाटलं, म्हणून तुझं नाव गाळलं.

वाट पाहतोय.

तुझा,
जोशुआ