दादांच्या खोलीत कुणी राहावे

मी, खाली सही करणारी, कपड्यांच्या कारखान्यातली निवृत्त इस्त्रीवाली, वय वर्षे एकाहत्तर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. फक्त दादांच्या बाबतीत ते ठिकाणावर राहत नाही, आणि नेमकी त्यांच्याच खोलीची व्यवस्था लावायची आहे.

१. माझ्या मालकीच्या दोन खोल्या आहेत. पुढच्या खोलीत आमच्या संघटनेचे पुढारी दादा शेवटपर्यंत राहिले. संघटनेला तिथे त्यांचे स्मारक हवे आहे. माझ्या धाकट्या बहिणीला हक्काचे घर नाही.

२. ते का नाही, हेही नोंदवते. आमच्याकडे ठरावाला मत उभे राहून देत. संपाच्या सभेत अध्यक्ष "संप हवा त्यांनी उभं राहा" म्हणायला आणि दादा उशिरा दारातून आत यायला एकच गाठ पडली. सगळे त्यांना मान द्यायला उभे राहिले. ठराव एकमताने मंजूर! मला संप हवाच होता, पण विरोधात असलेली धाकटीही उभी. मी म्हटलं, "अगं, खाली बस!" ती म्हणाली, "दादा उभे असताना? कसं दिसेल ते!" संपात तिची नोकरी गेली, तिच्याबरोबर कारखान्याने दिलेली खोलीही गेली. तेव्हापासून ती भाड्याच्या खोल्या बदलत फिरते आहे.

३. पण संप आम्ही जिंकलो. बायकांना पुरुषांइतका पगार मिळाला, पाळणाघर आले, मुकादमाची शिवीगाळ थांबली. हे दादांनी केले की आम्ही? आम्ही म्हणावे, तर अर्ध्याजणी नुसत्या मान द्यायला उठल्या होत्या. दादांना विचारले तर हसून म्हणाले, "उठलात ना? मग झालं!" माझे समाधान झाले नाही. पण ते हसले की रागावताही येत नसे.

४. माझी इस्त्री शेजारच्या शिंप्याला. मुकादमाला काही नाही. तो मयताला आलाच, तर चहा द्यावा, बिनसाखरेचा.

५. दोन्ही खोल्या धाकटीला. हे वाचून दाखवले तर ती रडायलाच लागली. "ताई, दादांच्या खोलीत मी कशी राहू गं? स्मारकालाच दे ना." मला तिचा इतका राग आला की पेन खाली ठेवले. तरी खोल्या तिच्याच. तिने उद्या संघटनेला दिल्या, तर अडवायला मी नसेन. पण देण्याआधी तिने एकदा तरी तिथे आतून कडी लावून निवांत झोपावे. ही अट नाही, विनंती आहे.

सही: इस्त्रीवाली ताई
साक्षीदार: वकीलबाई, कोपऱ्यावरचे डॉक्टर
स्थळ: मागची खोली
दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्यावर आहे तो