मेंढ्यांना भिणारी फ्लॉस

सोमवार, ३ ऑक्टोबर १९६६

ठरलं म्हणे! शनिवारी प्रेस्टन शहरातलं कुणी जोडपं येऊन फ्लॉसला घेऊन जाणार. मला न विचारता! नवरोबा विल्फचं एकच पालुपद — "मेंढपाळाच्या कुत्रीनं मेंढी पाहून शेपूट घालायची? बिनकामाचं कुत्रं मी पोसत नाही, हिल्डा." दोन वर्षं झाली, तिला कधी नावानं हाक नाही. 'ती तुझी' म्हणतो. शेजारचा आयझॅक तर कहरच — "वहिनी, कुत्रीला राखायला एक मेंढी ठेवा!" फिदीफिदी हसला मेला.

मंगळवार, ४ ऑक्टोबर

मेंढरं डोंगरावरून खाली आणली. एक कमी. विल्फ त्याच्या लाडक्या कुत्र्याला, रॉयला घेऊन अंधार पडेपर्यंत हिंडला. नाही सापडली.

बुधवार, ५ ऑक्टोबर

एकतीस वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते पाच डोंगरमाथे बघतेय. एकावरही पाय ठेवलेला नाही. आम्ही मेंढरांपुरते चढतो. "वर काय ठेवलंय?" — इति विल्फ. उद्या जाणार. फ्लॉसला घेऊन, पाचही! जायचंच आहे तिला, तर शहरातल्या गालिच्यावर लोळण्याआधी आपला मुलूख तरी बघू दे.

गुरुवार, ६ ऑक्टोबर

केले! पाचही केले!! पाय काही माझे राहिले नाहीत, पण आधी लिहिते.

उजाडता निघालो. पहिला माथा रेव्हन हाऊ, त्याची चढण छाती फोडणारी. मी दर पन्नास पावलांवर थांबतेय, फ्लॉस पुढे जाऊन वळून बघतेय — येतेस ना, म्हातारे? प्रत्येक माथ्यावर दगडांची रास. रीतीप्रमाणे मी एक दगड ठेवायचा, तिनं हुंगून पसंत करायचा. तिसऱ्यावर केक आणि चीज खाल्लं. चीज बहुतेक तिनंच.

चौथ्यावर धुकं उतरलं. वीस पावलांपलीकडचं काही दिसेना. फ्लॉस दहा पावलं पुढे, मी तिच्या मागून. एकदम थांबली. भुंकली नाही, नुसती थरथरायला लागली. वाकून बघते तो काय — पुरुषभर खाली कड्यातून फळीसारख्या पुढे आलेल्या खडकावर आमची मेंढी! ढुंगणावर आमची लाल खूण. गवताच्या लोभानं उतरली, आता वर येता येईना. फळीच्या कडेला थेट दरी.

अशा वेळी कुत्रं भुंकलं की मेंढी बिथरून उडी टाकते. पण आमची बाई पोटावर पसरली, हनुवटी पंजांवर. मेंढीनं तिला निरखलं आणि पुन्हा चरायला लागली. मेंढीसुद्धा हिला भीत नाही!

फळीवर गवत होतं अजून, रात्र निघाली असती. तिथं खुणेला रुमाल बांधला, पाचवा माथा उरकला आणि मगच उतरलो. सोडते की काय!

शुक्रवार, ७ ऑक्टोबर

विल्फ दोर घेऊन निघाला. सोबत आयझॅक, मी, दोन्ही कुत्री. रॉयनं नुसतं डोकं काढलं, तर मेंढी सरकली थेट कडेला. रॉयला लांब नेऊन बांधला. विल्फ घाम पुसत म्हणाला, "ती तुझी... आण इकडे."

फ्लॉस वर पडून राहिली. थरथरत होती, पण हलली नाही. मेंढी तिच्याकडे टक लावून उभी आणि तेवढ्यात विल्फ दोरानं मागच्या बाजूनं उतरला. धरली! आयझॅकनं ओढून वर घेतली. सोमवारी हसत होता ना? आज त्यानंच तिला टोपी काढली. मला इतका अभिमान वाटला की रडूच आलं. विल्फ दोर गुंडाळून पुढे चालू लागला. उद्या शनिवार.

शनिवार, ८ ऑक्टोबर

जोडपं आलं, नवा कोरा लाल पट्टा घेऊन. विल्फ दारातच उभा — "तुम्हाला उगाच खेप पडली. कामाचं कुत्रं आम्ही देत नाही." मग काठी उचलली, अंगणात गेला आणि हाक मारली, "फ्लॉस!"

गेली की हो त्याच्यामागे, शेपूट उंच करून! एकदा मागे वळून बघायचंस तरी, भवाने.